भरलेली पिंपं

“मना भायेर न्या,” ठमाबाई सकाळपासून तिसऱ्यांदा म्हणाली.

हरेशने पंखा आणखी वाढवला. आईला उकडतंय अशी त्याची समजूत. डॉक्टरांनी हात टेकल्यापासून, म्हणजे कालपासून, तो गोदामातली ड्युटी सोडून घरी बसला होता आणि त्या पंख्याच्या मागे लागला होता. आईने डोळे मिटायचे ते आपल्या घरात, आपल्या माणसांत, एवढं त्याने मनाशी धरलं होतं.

“आय, भायेर काय हाय? गटार हाय नि धूल हाय.”

ठमाबाई त्याच्याकडे बघत नव्हती. ती मोरीकडे बघत होती. मोरीपाशी दोन निळी पिंपं उभी होती, वर फडकं बांधलेली, काठोकाठ भरलेली. काल नळाला पाणी आलं होतं. आता परवापर्यंत गल्लीत थेंब येणार नव्हता, आणि पाइपलाइनचं काम निघाल्यामुळे परवाचंही काही खरं नव्हतं.

माधवी चमच्याने सासूला पाणी पाजत होती. सासूची नजर कुठे लागलीय ते तिला दिसलं आणि चमचा वाटीतच राहिला.

घरात माणूस गेलं की घरातलं भरलेलं पाणी ओतून टाकायचं, ही त्यांच्याकडची रीत. पिंप, कळशी, माठ, सगळं उपडं करायचं. भिवंडीत नळ रोज येवो न येवो, रीत काही बदललेली नाही. दारात मयत असताना रीतीवरून वाद घालायला तोंड कुणाला असतं? जीव घराबाहेर गेला तर मात्र आतलं पाणी चालतं.

“आई, पाण्याचं म्हणताय का?” माधवीने हळूच विचारलं.

ठमाबाईने पापण्या मिटल्या, उघडल्या. “ह्याच्या बापाच्या टायमाला दोन पिपा ओतली,” ती थांबत थांबत म्हणाली. “मंग तीन दिस दारोदार फिरलू. आता न्हाय, पोरी.”

हरेश उठून उभा राहिला. “पान्यासाठी आयला रस्त्यावर काढू? लोक तोंडात शेन घालतील.” मग बायकोकडे वळून म्हणाला, “तुला पटतंय हे?”

माधवीला पटत नव्हतं. पण नको म्हणायचा हक्क आपल्याला नाही असं तिला वाटत होतं. सासूने पहिल्यांदा बाहेर न्यायला सांगितलं त्याच्याही आधी, चूल पेटवताना, तिच्या मनात ती पिंपं येऊन गेली होती. त्या विचाराची तिला इतकी लाज वाटत होती की ती खाली बघतच म्हणाली, “आजवर त्यांनी काय मागितलंय आपल्याकडे?”

हरेशने पंखा बंद केला. मग त्याने खाटेचा पायाकडचा भाग धरला.

खाट एकट्याने उचलेना. समोरच्या खोलीतला लूमवाला यंत्रमागावरची रात्रपाळी करून येऊन दारात तोंड धूत होता. त्याने मगातलं उरलेलं पाणी नीट बाजूला ठेवलं आणि तो धावत आला. “अम्मा को हवा में लेना है क्या?”

“हां,” हरेश म्हणाला. खरं काय ते त्याला सांगवेना.

खाट दारात अडकली. मागे घेतली, तिरकी केली, पुन्हा अडकली. ठमाबाईचा श्वास आता घरघरत होता, मध्येच थांबत होता. माधवी उशाशी वाकून चालत होती. “थांबा आई,” ती पुटपुटत होती. “एवढा उंबरा होऊ दे.”

खाट बाहेर आली. गटारावरच्या फरशीवर, भिंतीला लावून ठेवली. हरेश चादर ताणून आईवर सावली धरून उभा राहिला. गल्लीतली माणसं बघत होती, आणि तो कुणाच्याच नजरेला नजर देत नव्हता. माधवीने तुळशीचं पान घालून पाणी पाजलं. निम्मं आत गेलं, निम्मं ओघळलं. ओघळलेलं पुसायला ठमाबाईने हात उचलला, पण तो तिथवर पोचला नाही.

अकराच्या सुमारास ती गेली.

दिघाशी गावाहून तिचा दीर केसरीनाथ आला. घरातला वडीलधारा तोच. तो दारात थांबला, आत डोकावला आणि त्याने रीतीप्रमाणे विचारलं, “घरातलं पानी ओतलं का?”

“न्हाय काका,” हरेश म्हणाला. “आय भायेर गेली.”

“भायेर कशी?”

“तिनंच मागितलं.”

केसरीनाथने एकदा खाटेकडे पाहिलं, एकदा पिंपांकडे. मग डोक्यावरची टोपी काढून तो तिथेच पायरीवर बसला. “आमची वयनी,” एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

बायकांनी साड्यांचा आडोसा केला. माधवीने पिंपाचं फडकं सोडलं, हंडा भरला आणि बाहेर आणला. गेले सात महिने, पाणी वाचावं म्हणून, ठमाबाईची अंघोळ म्हणजे ओलं फडकं होतं. “मी कुठं नांगर धरायला जाते,” म्हणून तिनेच ती सवय लावून घेतली होती. आज पाणी डोक्यावरून पायापर्यंत गेलं, फरशीवरून गल्लीत उतरलं.

हंडा रिकामा झाला तशी माधवी पुन्हा आत वळली.

“बस झालं, सूनबाय,” केसरीनाथ आडोशाबाहेरून म्हणाला. “परवापरयंत पुरवायचं हाय तुम्हाला.”

माधवी दुसरा हंडा भरून घेऊन आली.

“पुरंल,” ती म्हणाली. “त्यांनीच ठेवलंय.” आणि तिने हंडा सासूच्या केसांवर सावकाश कलता केला.