घोडीचा विमा

“जाहिरात काय, कोणीही करतं. ज्याचा घोडा मेलाय त्याला विचारायचं, पोरी!”

घोडीच्या विम्यासाठी लेकीने मोबाइलवर काढलेला कंपन्यांचा तक्ता आप्पांनी बघितलाही नाही. दिवसभर माथेरानची लाल माती तुडवत ते चार घोडेवाल्यांकडे जाऊन आले. तिघांना कंपन्यांनी नुसतं कागदांसाठी फिरवलं होतं. चौथ्याचा एजंट मात्र घोडा मेल्याच्या दिवशीच डोंगर चढून आला होता. “हाच आपला माणूस,” आप्पा घोडीला म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पहाटे आप्पा झोपेतच गेले.

तेराव्यानंतर, लेकीच्या मैत्रिणी शहरातून भेटायला आलेल्या असतानाच, आप्पांनी निवडलेला एजंट आला. आता विमा लेकीच्या नावाने काढायचा होता. “वडिलांचा व्यवसाय काय लिहू, ताई? ‘बिझनेस’ चालेल?”

कॉलेजात, ऑफिसात ती आजवर तेच सांगत आली होती.

“नको. घोडेवाले लिहा,” ती म्हणाली, शहरातून आलेल्या मैत्रिणींना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. “माझे आप्पा घोडेवाले होते.”