आत्याबाईंचा ताजा रिपोर्ट

या मंडळी, जवळ सरका, ताज्या रिपोर्टाची गोष्ट सांगतो. आमच्या हॉस्पिटलातले कॉम्प्युटर मी सांभाळतो. साठवलेल्या स्कॅनपर्यंत पोचायला प्रत्येक सर्व्हरला दोन वाटा, आणि प्रत्येक वाटेवर केबली जोडणारा एक स्विच. अपग्रेडसाठी एक बंद केला, की दुसरा भार वाहतो. त्या सकाळी धाकटी बहीण ऑपरेशन टेबलावर, आणि मला अपग्रेड उरकून तिच्यापाशी धावायचं होतं. “आत्याबाई, कुठल्या वाटा चालू आहेत त्याचा मागच्या आठवड्यातला रिपोर्ट आहे की,” मी सहकारी बाईंना म्हणालो. “मागच्या आठवड्यातल्या जेवणावर आज ढेकर देतोस का रे?” त्यांनी माहिती नव्याने गोळा केली. रिपोर्टात ऑपरेशन थिएटरच्या सर्व्हरची एकच वाट जिवंत निघाली, आणि मी नेमका त्याच वाटेचा स्विच बंद करणार होतो. दुसरीची सैल केबल बसवून मगच अपग्रेड केलं. सर्जनसमोरचा स्कॅन क्षणभरही मालवला नाही. बहीण सुखरूप आहे. देवापुढे हात जोडाल तेव्हा आत्याबाईंनाही आठवा.