राजमतीच्या सवती

राजदूत मोटारसायकल टेम्पोत चढली तेव्हा राजमतीनं पदर तोंडाला लावला. शेजारच्या अक्काताईला वाटलं, बाईला रडू फुटलं. राजमतीला हसू आवरत नव्हतं.

तिच्या नवऱ्याच्या, श्रीपालच्या, जुन्या गाड्या निपाणीत सगळ्यांना ठाऊक होत्या. तंबाखूच्या वखारीमागं, पत्र्याच्या शेडात, त्यानं त्या लेकींसारख्या सांभाळल्या होत्या. बुलेट, येझदी, राजदूत, एक लॅम्ब्रेटा स्कूटर, आणि कोपऱ्यात लाल जावा. गाडीचा खोकला त्याला वखारीत बसून कळायचा. राजमतीला ताप आलेला मात्र अक्काताईला आधी कळायचा. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला तो तिला माहेरी सोडणार होता. ऐनवेळी जावाचा कार्बोरेटर उघडून बसला. शेवटी भाऊ येऊन घेऊन गेला. ते ती विसरली नव्हती.

"सवत एक असती तर भांडले असते," ती अक्काताईला म्हणायची. "पाच-पाच जणींशी कुठं भांडत बसू?"

मग तंबाखूचा धंदा बसला. माल वखारीत पडून राहिला, हमाल कमी करावे लागले, बेळगावात शिकणाऱ्या पोराची, अरिहंतची, फी तटली. राजमतीनं हातातल्या पाटल्या काढून नवऱ्यापुढं ठेवल्या. त्यानं त्या उचलून परत तिच्या हातात सरकवल्या.

"पाटल्या राहू देत. गाड्या काढू या," तो म्हणाला.

इतक्या वर्षांच्या संसारात एवढं गोड वाक्य तिनं ऐकलं नव्हतं.

आधी बुलेट गेली, संकेश्वरच्या एका ऊसवाल्याकडं. मग येझदी, मग राजदूत, मग लॅम्ब्रेटा. श्रीपाल घासाघीस करीत नव्हता. गिऱ्हाईक म्हणेल त्याला मान हलवायचा.

"जरा ताणून धरा की," राजमती म्हणायची.

"किती ताणायचं?" तो म्हणायचा आणि किल्ली देऊन टाकायचा.

एकेक गाडी गेली तसा माणूस संसाराकडं वळला. चहा सोडला. चांगले शर्ट हमालांना वाटून टाकले, दोन पुरेत म्हणाला. गादी पाठीला सोसत न्हाय म्हणून चटईवर निजायला लागला. शेजारच्या गावात जैन मुनी महाराजांचा चातुर्मास चालू होता, तिथं प्रवचनाला पायीच जायचा. पेट्रोल कशाला जाळायचं? वखार भाड्यानं दिली. त्या भाड्यातून अरिहंतची शेवटच्या वर्षाची फी भरली. धंद्याचं काही निस्तरायची पाळी आली तर घराला झळ नको, म्हणून घर राजमतीच्या नावावर केलं.

"तुझा नवरा सुधारला गं," अक्काताई म्हणाली.

"तंगीनं सुधारला," राजमती म्हणाली. पण त्या दिवशी तिनं कपाटातली चांगली साडी काढून नेसली.

राहिली ती एकटी जावा.

लग्नाच्या आधीपासूनची ती. रोज सकाळी मंदिरातून आला की श्रीपाल शेडात जायचा, मऊ फडक्यानं तिची टाकी पुसायचा आणि सीटवर हात ठेवून नुसता उभा राहायचा. राजमती स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायची. बाकीच्या चौघी गेल्यानं जेवढं बरं वाटलं होतं, तेवढं या एकीला बघून जळायला लागलं.

"हिला कधी काढताय?" तिनं एकदा विचारलं.

तो हातातल्या फडक्याची घडी घालत राहिला. मग म्हणाला, "हिच्यात जीव अडकलाय गं माझा. सुटंना झालाय."

माझ्यात कधी अडकला होता काय, हे तिच्या ओठावर आलं होतं. तिनं ते गिळलं. दुसऱ्याच दिवशी, तो प्रवचनाला गेल्यावर, तिनं बेळगावातल्या शहापूरच्या ओमकारला फोन लावला. साड्यांच्या दुकानदाराचा हा पोरगा जुन्या गाड्यांच्या नादानं दोनदा जावा मागून गेला होता. तो दोन तासांत हजर झाला.

"काकू, अण्णांना विचारलंय न्हवं?"

"त्यांनीच सांगितलंय. कागदावर सही तेवढी उद्या येऊन घ्या."

जावा पहिल्या किकला चालू झाली. गल्लीच्या टोकाला आवाज विरेपर्यंत राजमती दारात उभी होती. मग तिनं शेड धुऊन काढलं, दाराशी रांगोळी घातली आणि दिवस मावळायच्या आत व्हाव्यात म्हणून घाईनं पुरणाच्या होळग्या लाटायला घेतल्या.

श्रीपाल आला तो थेट शेडाकडं गेला. राजमती हातात उलथनं धरून ऐकत होती. तो काय बोलेल आणि त्यावर आपण काय बोलायचं, सगळं तिनं मनात जुळवून ठेवलं होतं.

तो आला आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याजवळ टेकला. डोळे ओले होते. चेहरा मात्र ताप उतरलेल्या माणसासारखा हलका दिसत होता.

"तू दिलीस?"

"व्हय. मीच दिली. काय बोलायचं ते बोला."

"काय बोलू? लई बरं केलंस. माझ्या हातनं झालंच नसतं ते. किती दिवस झगडत होतो."

तिनं गॅस बंद केला आणि ती त्याच्यासमोर फरशीवर बसली. तो तिच्याकडं बघत होता, शांतपणे, नजर न हलवता. आजवर त्यानं असं फक्त इंजिनाकडं बघितलं होतं. नव्या नवरीसारखी तिची मान खाली गेली.

"आता मध्ये कोण न्हाय," ती हळूच म्हणाली.

"न्हाय," श्रीपाल म्हणाला. मग त्यानं तिच्यापुढं दोन्ही हात जोडले. "ती गाडी सुटली की दीक्षेला ये, असं महाराजांनी सांगितलं होतं. आता घर सोडायला तुमची संमती तेवढी द्या, माताजी."