अडीच किलोचं हेल्मेट

खानविलकर सरांनी इरावतीने बनवलेला हेडसेट डोळ्यांवर चढवला आणि समोर खरंखुरं जंगल उभं राहिलं. वजन जेमतेम चष्म्याएवढं, वायर एकही नाही.

चौऱ्याण्णव साली याच प्रयोगशाळेत सरांनीही असंच यंत्र बनवलं होतं. अडीच किलोचं हेल्मेट, आत दोन छोटे टीव्ही, आणि चित्र म्हणजे नुसते हलणारे चौकोन. घालणाऱ्याला पाच मिनिटांत चक्कर यायची, म्हणून कॉलेजने तो प्रकल्पच गुंडाळला. आता त्यांचीच विद्यार्थिनी उद्या देशभरातल्या पाहुण्यांसमोर हा हेडसेट मांडणार होती. सरांना ते बघवत नव्हतं.

"सर, चक्कर येते का?" तिने विचारलं.

"येते," ते म्हणाले. खरं तर त्यांना काहीच होत नव्हतं.

इरावतीचा चेहरा उतरला, पण तिने वाद घातला नाही. "मग उद्याचा कार्यक्रम पुढे ढकलते. यातलं तुमच्याइतकं कुणाला कळतं?" असं म्हणत तिने फोन उचलला.

सरांनी हेडसेट काढून टेबलावर ठेवला.

"फोन नको करूस. चक्कर आली नव्हती," ते तिच्याकडे न बघता म्हणाले. "पोटात दुखलं माझ्या."