मुलींची लस

एका विषाणूमुळे झालेल्या घशाच्या कर्करोगात हेरंबचं स्वरयंत्र काढावं लागलं. नव्या यंत्रातून त्याला त्याचाच आवाज मिळणार होता. त्यासाठी घराच्या भिंतींतल्या ध्वनिमुद्रकांनी तीस वर्षं साठवलेलं बोलणं तंत्रज्ञ ऐकवत होती आणि त्याची आई, सुमतीबाई, त्याचा आवाज ओळखून सांगत होत्या.

भिंतीतून बारा वर्षांचा हेरंब बोलू लागला. त्या वर्षी शाळेत त्याच विषाणूवरची लस येणार होती.

"आई, ताईच्या फॉर्मवर सही केलीस, माझ्या का नाही?"

"अरे, ती मुलींची लस. तुला काय करायचीय?" भिंतीतली आई खळखळून हसली.

सुमतीबाईंनी तोंडाला पदर लावला. "एवढं पुसून टाका हो."

हेरंबने नकारार्थी मान हलवली आणि पाटीवर लिहिलं, "राहू दे. त्यात तू हसतेयस."