चौदा किलो

मॅडमच्या कुत्र्याला वजनकाट्यावरून खाली उतरवत, घरी तपासायला आलेले त्याचे डॉक्टर म्हणाले, "चौदा किलो. नुसता गोल गरगरीत झालाय. आजपासून याचं चिकन निम्मं करा, नाहीतर जिवावर बेतेल."

मॅडमचे डोळे भरून आले. "उपाशी राहील हो माझं बाळ."

फरशी पुसणाऱ्या मावशी हातातलं फडकं पिळत चाचरत म्हणाल्या, "मॅडम, मग उरलेलं निम्मं मी माझ्या लेकीला नेऊ का? काल सरकारी दवाखान्यात तीही बरोबर चौदाच भरली."

डॉक्टर हसले. "मावशी, लेक तीनेक वर्षांची असेल ना? मग चौदा म्हणजे झकास वजन आहे की."

मावशींनी फडकं पुन्हा बादलीत बुडवलं.

"नाही हो, डॉक्टर. चौथीत आहे ती."