हात देऊ, साथ देऊ

कंपनीने ‘हात देऊ, साथ देऊ’ नावाचा सामाजिक उपक्रम सुरू केला आणि पहिला कृत्रिम हात आपल्याच कारखान्यात हात गमावलेल्या तिला द्यायचं ठरवलं. व्यासपीठावर सगळ्यांसमोर तिच्या मनगटावर तो चढवून पट्टे आवळले. जनसंपर्क खात्याच्या बाई कानाशी वाकून म्हणाल्या, "ताई, फोटोत जरा हसा ना! आणि आभार मानताना 'साहेबांनी नवं आयुष्य दिलं' एवढं नक्की म्हणा."

कामगार म्हणजे आपलं कुटुंब, असं साहेब गहिवरून बोलले. टाळ्या पडल्या. तिच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. प्रेस मशीनची संरक्षक जाळी काढली की माल भराभर निघतो, म्हणून ती काढायला याच साहेबांनी लावली होती. महिनाही झाला नाही, तोच तिचा हात मशीनखाली गेला.

बाईंनी माईक तिच्यासमोर धरला.

"साहेब, हा हात परत घ्या," ती म्हणाली. "मला ती जाळी हवीय."

साहेब कसनुसं हसले. "अहो ताई, आता तुम्हाला कुठे त्या मशीनवर बसायचंय? जाळी घेऊन काय करणार?"

तिने पट्टे ओरबाडून काढले आणि तो हात साहेबांच्या पुढ्यात आपटला.

"माझ्या जागेवर तुम्ही माझ्या धाकट्या बहिणीला बसवलंय!"